बोटभर समास

पान ४१. मरळ पाण्याबाहेर लगेच मरत ना
पान ४२. ओल्या पोत्यात सांजवरी जित्ती राह
पान ६७. पिलायले फक्त मादीच राख

पुढची अक्षरं गुलाम रसूलच्या पायाशी पडली होती, कागदी पट्ट्यांच्या ढिगात.

चंद्रपुरात चाळीस वर्षं बाइंडिंग केलं, पण हाती आलेलं पुस्तक त्यानं कधी वाचलं नव्हतं. "वाचत बसलो तं शिवू कधी?" वाचनालयानं रद्दीत काढलेली ही जुनी शिकारकथा त्याच्या मुलीनं, निशातनं मागून आणली होती. ती सोमवारपासून शाळेत विज्ञान शिकवणार होती. पहिल्या दिवशी हेच पुस्तक नेणार होती. गुलाम रसूलला हौस आली. नव्यासारखं दिसावं म्हणून त्यानं तिन्ही कडा बोटभर जास्तच छाटल्या.

"अब्बा, हे काय केलं?"

"कडा सरळ केल्या."

"कडेलाच तर सारं होतं! गोष्टीत मरळ मासा पाण्याबाहेर क्षणात मरतो, मगर रडते. खरं काय ते कुणा वाचकानं समासात लिहिलेलं. आठवीत मी गोष्ट सोडून तेच वाचायची. त्याच्यामुळेच तर मी विज्ञान घेतलं!"

गुलाम रसूल ढीग चिवडत बसला. नुसते 'ते' शंभर निघाले. कोणता कोणत्या पानाचा?

शेवटच्या पानावर, मधोमध, त्याच अक्षरातली एक ओळ सुरीतून वाचली होती: मुखरू ढिवर. खाली गावाचं नाव.

शनिवारी सकाळी त्यानं मूल गावाकडची बस धरली.

मुखरू तलावाच्या पाळीवर जाळं सांधत होता. "मासे संपले, भाऊ."

"मासे नाई पाह्यजे." गुलाम रसूलनं पुस्तक पुढं केलं. "तुमचं लिवणं मी कापलं. माही पोरगी त्याच्यावर शिकली. माफ करा."

मुखरूनं पान सदुसष्ट काढलं आणि हसला. "बरं झालं कापलं."

"मस्करी नका करू."

"मस्करी नाई. हे चूक होतं. पिलं राखणारी मरळ मी एकडाव धरली. वर लाल पिलायचा गोळा तरंगत होता. घरी चिरली तं नर निघाला. सांजी गेलो पाहाले, एक पिलू उरलं नोतं. तवापासून पिलांवरची मरळ मी धरत नाई. ती ओळ खोडाले वाचनालयात गेलो, तं पुस्तक कोणीतरी नेलेलं. सालभर वापसच नाई केलं!"

"आठवीतली पोरगी असन," गुलाम रसूल हळूच म्हणाला. "माहीच."

दोघंही हसत सुटले.

गुलाम रसूलनं पिशवीतून सुई-दोरा काढला, तिथंच शिवण उसवली, आणि जिथं जिथं नोंद होती तिथं एकेक कोरं पान घातलं. मुखरू लिहीत गेला. निघताना त्यानं घरासाठी राखलेली एक मरळ ओल्या पोत्यात बांधून दिली. "पोरीले सांगजा, सालभर ठिवलं पुस्तक तं बरं केलं."

दिवेलागणीला घरी पोतं उघडलं. मरळीनं शेपूट आपटलं. निशात बघतच राहिली. मग तिनं नवी पानं उलटली.

पान ६७ समोर. नर बी राखते. मी एक मारला, तवा समजलं. — मुखरू

त्याखाली दुसरं, वाकडंतिकडं अक्षर होतं. बापाचं अक्षर तिनं पुस्तकात पहिल्यांदाच पाहिलं.

कडा छाटू नये. — बाइंडर