मुंडीचा मान

माझ्या भावाच्या नातीची, प्रगतीची, सुपारी फुटली ते साल २००३. आमचं गाव कवठे येमाई. व्याही हनुमंतराव वरवंडचे, आमच्याच जातीतले. त्यांच्या बापानंही मेंढरंच राखली. पण त्यांचा मुलगा पप्पू, प्रगतीचा होणारा नवरा, कंपनीत लागला, दारात गाडी आली, आणि हनुमंतरावांना मेंढरांचा वास आठवेनासा झाला.

सुपारीचं जेवण त्यांनी दौंडला ठेवलं. नदीकाठच्या इनामदारांच्या जुन्या दगडी बंगल्यात मोठं चायनीज हॉटेल निघालं होतं. समुद्राचे मासे, खेकडे तिथं मुंबईहून बर्फातून येत.

माझा थोरला भाऊ भैरू तो बंगला ओळखून होता. तरुणपणी तीन हिवाळे आमची मेंढरं इनामदारांच्या रानात बसली. खत त्यांच्या पिकाला गेलं आणि भैरूनं भाकरी खाल्ली ती फाटकाबाहेर. प्रगतीचा बाप लवकर गेला, तिला भैरूनंच वाढवलं. त्या दिवशी नवा फेटा बांधून तो गाडीत मला म्हणाला, "म्हाळसा, आज बंगला आतनं बघायचा."

आमच्यात बकरं पडलं की मुंडी मानकऱ्याच्या ताटात जाते. सोयरीक जुळताना तो मान मुलीकडच्या थोरल्याचा. हे हनुमंतरावांना कुणी शिकवायला नको होतं.

भैरूनं जोडा दाराबाहेर काढला. मॅनेजर हसला. हनुमंतरावही त्याच्याबरोबर हसले. माझं डोकं तिथंच फिरलं.

मग लांबट थाळीत अख्खा मासा आला, डोक्यासकट, आलं आणि कांदापात घालून वाफवलेला. वाढणाऱ्या नेपाळ्यानं विचारलं, "सबसे बड़े कौन हैं? मछली का मुँह उनकी तरफ रखते हैं. शुरू वही करते हैं."

भैरूचा चेहरा खुलला. "आरं तिच्या! चिन्यांतबी मुंडीचा मान हाय की!"

नेपाळ्यानं थाळी त्याच्यासमोर ठेवली. तेवढ्यात हनुमंतरावांनी टेबलावरची फिरती काच गर्रकन फिरवली. मुंडी थांबली ती साखर कारखान्याचे संचालक मारुतराव यांच्यापुढं.

"सायेब, मान तुमचा."

"अहो, आज गुरुवार आहे माझा," मारुतराव म्हणाले. "मी पनीर सांगितलंय."

"हनुमंतराव, काच माघारी फिरवा," मी म्हणाले.

"आत्याबाई, ही काय जत्रा हाय व्हय? हाटेलात बसलोय आपण."

"तुमच्या बानं आमच्या भैरूच्या हातची मुंडी खाल्लीया. तवा हाटेल नव्हतं, पर अक्कल व्हती."

पप्पू ताटात बघत बसला. "ऱ्हाऊ दे म्हाळसा," भैरू म्हणाला, आणि पाणीसुद्धा प्याला नाही. मासा एवढ्या लांबून आला आणि त्याची मुंडी कुणाच्याच तोंडी न लागता परत गेली.

येताना गाडीत प्रगती बोलली. "सासऱ्यांनी आबांच्या दारात येऊन आपल्या हातानं मुंडी वाढायची. तवर तारीख काढायची न्हाई."

दीड महिना व्याही फिरकले नाहीत. भैरूनं अंथरूण धरलं. दम लागायचा, तरी गाडीचा आवाज आला की मान वळवायचा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी गाडी आली. ड्रायव्हर डबा घेऊन दारात उभा राहिला. डब्यात बकऱ्याची मुंडी होती.

"व्याही कुठं हायती?" भैरूनं विचारलं.

ड्रायव्हर चुळबुळला. "सायेब गाडीत बसल्यात, आबा. अंगण शेणानं सारवलंय न्हवं, बूट खराब व्हतील म्हनत्यात."

ज्यानं त्यांच्या हॉटेलाच्या दारात जोडा काढला, त्याच्या अंगणात यांना बूट काढवेना!

भैरूनं भिंतीकडं तोंड केलं. प्रगतीनं ड्रायव्हरच्या हातून डबा घेतला, त्यावर सुपारीची साडी ठेवली, गाडीपाशी गेली आणि डबा, साडी दोन्ही खिडकीतून हनुमंतरावांच्या मांडीवर ठेवलं.

"तुमच्या संचालकांना वाढा," ती म्हणाली. "गुरुवार सोडून."

सोयरीक तिथंच मोडली. चौथ्या दिवशी, शनिवारी, १ नोव्हेंबर २००३ रोजी दुपारी माझा भाऊ भैरू वारला.