बोटाला न कळलेली सुई

मी अंगुस्तान बोलतोय. हो, तेच. शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून मधल्या बोटावर चढवायची लोखंडी टोपी. आजकाल पुष्कळांना माझं नावही माहीत नसतं. ड्रॉवरमध्ये सापडलो तर लोक म्हणतात, "हे कसलं झाकण?"

एका कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर दाब पडला आणि मी जन्मलो. अंगभर बारीक खळगे पाडले गेले, सुईचं डोकं घसरू नये म्हणून. एका शिवणाच्या दुकानातल्या मास्तरांनी मला विकत घेतलं. त्यांच्या बोटाला मी घट्ट होत होतो, म्हणून त्यांनी मला कामावर नव्या लागलेल्या मुलीला देऊन टाकलं. "बोटं सांभाळ गं. डोळे गेले तर चष्मा मिळतो," एवढंच ते म्हणाले.

त्या मुलीला मी 'बाई' म्हणतो. माझं सगळं आयुष्य तिच्याच बोटावर गेलं. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. तिनं एका लाँड्रीच्या शेजारी स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. कोटाचं अस्तर बदलायचं, पँट आखूड करायची, पडद्यांना काठ घालायचा. यंत्र होतंच, पण अस्तराचा शेवटचा टाका हातानंच घालायचा, हा तिचा हट्ट.

मग तिची पाठ दुखायला लागली. वाकून वाकून दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं. एक दिवस नुसतं खोकताना बरगडी मोडली, तेव्हा तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला, हाडांच्या आतल्या मज्जेत बसलेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सरळ बोलायच्या. "या आजारावर दोन औषधं आहेत, एक सुईनं टोचायचं आणि एक गोळ्यांचं. आता तिसरं नवं आलंय, सलाईनमधून द्यायचं. तिन्ही एकत्र दिली तर जास्त फायदा होतो का, ते अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून ही चाचणी. काही जणांना दोन मिळतील, काहींना तीन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवेल."

"म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं?" मुलीनं विचारलं.

"साधारण तसंच."

बाईंना तीन मिळाली. त्या दिवशी घरी मुलीनं त्यांना मिठीच मारली. तिसरं औषध म्हणजे बरं होणं, असं दोघींनी आपलं मनाशी धरून टाकलं.

त्यानंतर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. लांबलचक खोली, भिंतीला लागून आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. सुई टोचलेल्या हातानं कापड धरता यायचं नाही, म्हणून बाई दुसऱ्या हाताच्या बोटावर मला फिरवत बसायच्या. शेजारच्या खुर्चीवर एक बसचालक असायचे, नुकतेच निवृत्त झालेले. ते बाईंना 'ताई' म्हणायचे आणि बाई त्यांना 'भाऊ'. परिचारिका सलाईन लावायला आली की ते म्हणायचे, "सिस्टर, सीटबेल्ट लावू का?" ती दर वेळी हसायची. तिला खरंच हसू यायचं की नाही, देव जाणे.

औषधं लागू पडत होती. रक्ताचे आकडे उतरत होते. बाई पुन्हा दुकान उघडायला लागल्या.

पण जे मला कळलं ते आकड्यांत नव्हतं. बाईंच्या बोटाचा माझ्यावरचा दाब बदलला. पूर्वी त्या मला चढवायच्या तेव्हा बोट मला ओळखायचं. आता त्या नजरेनं बघून खात्री करायच्या, मी आहे ना म्हणून. बोटांत आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा.

सिस्टर प्रत्येक फेरीला विचारायची, "हातापायांना मुंग्या? बटणं लावता येतात का?"

"अहो, बटणं लावणं हाच तर माझा धंदा!" बाई हसून सांगायच्या. सिस्टरही हसायची आणि पुढे जायची. त्या दिवशी बाईंच्या स्वतःच्या ब्लाऊजची बटणं मुलीनं लावलेली होती.

एकदा भाऊ खुर्चीतून पाय हलवत हळूच म्हणाले, "ताई, जन्मभर हे पाय ब्रेकवर ठेवले. आता पाय जागेवर आहे की नाही, ते खाली वाकून बघावं लागतं. तुम्हाला होतं का असं काही?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "होतं. हातांना. पण बोलू नका. इथं तक्रार केली की चाचणीतून काढतात. मग ते तिसरं औषध गेलंच समजा."

"खरं?"

"ऐकलंय असं."

कुणाकडून ऐकलं, ते भाऊंनी विचारलं नाही. सिस्टर आली तेव्हा भाऊ म्हणाले, "एकदम झकास! गाडी चालू आहे."

मग दुकानात ती गोष्ट घडली. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटाला अस्तर लावायचं चाललं होतं. मी केव्हा बोटावरून निसटून मांडीवर पडलो, बाईंना कळलंच नाही. त्या उघड्या बोटानं सुई रेटत राहिल्या. मुलगी डबा घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"आई, बोटात सुई आहे."

"कुठे?"

"अगं, बोटात! आरपार!"

बाईंनी हात वर केला. कोटावर लाल डाग पसरला होता. त्या आधी डागाकडेच बघत राहिल्या. "आता हा निघायचा नाही," म्हणाल्या.

"डाग गेला खड्ड्यात! हे कधीपासून आहे?"

"तू ओरडू नकोस."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगू आणि काय करू? हात शाबूत ठेवून मरू? बोटं नसली तरी चालतील मला. तुझ्याजवळ असायचंय."

मुलगी खाली बसली आणि सुई काढायला लागली. सुई निघताना डोळे तिनं मिटले, बाईंनी नाही. डॉक्टरांना सांगणार नाही, असं आईनं तिच्याकडून वचन घेतलं, आणि मुलीनं रडत रडत दिलं.

पुढच्या फेरीला शेजारची खुर्ची रिकामी होती. भाऊंची बायको सिस्टरशी बोलून परत निघाली होती. बाईंना बघून थांबली.

"जिन्यात पडले हो. पायरीवर पाय टेकला की नाही, ते कळलंच नाही म्हणतात. खुब्याचं हाड मोडलंय. वरच्या वॉर्डात आहेत." तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. "मला कधी बोलले नाहीत. तुमच्याशी बोलले होते का काही?"

बाईंची मूठ माझ्यावर आवळली. मान खाली घालून त्या हो म्हणाल्या.

मग सलाईन लावून घ्यायच्या आधीच त्या उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. स्वतःचं सांगितलं, भाऊंचं सांगितलं, आपण काय सल्ला दिला तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईल ओढून ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काढत नाही हो आम्ही कुणाला. मुंग्या त्या सुईच्या औषधानं येतात. तिचा डोस कमी करायचा, नाहीतर ती थांबवायची. बाकीची चालू राहतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तेव्हा मला फक्त 'कॅन्सर' ऐकू येत होतं," बाई म्हणाल्या.

"तेही खरं. मी पुन्हा सांगायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण तुम्ही सगळे 'झकास' म्हणत राहिलात, तर हा डोस निर्धोक आहे असं आम्ही समजणार. आणि पुढच्या माणसाला तेवढाच देणार."

बाई वरच्या वॉर्डात गेल्या. भाऊ पायाला वजन बांधून पडले होते. बाई डोळे पुसत खाटेशी उभ्या राहिल्या. शेवटी तेच म्हणाले, "ताई, सल्ला तुमचा होता, पण तोंड माझंच होतं ना? रडू नका. इंजिन शाबूत आहे."

पण ते शाबूत राहिलं नाही. ऑपरेशनसाठी औषधं थांबवावी लागली, जखम चिघळली, म्हणून औषधं लवकर पुन्हा सुरू करता आली नाहीत. तेवढ्या सवडीत आजारानं डोकं वर काढलं. भाऊ गेले. न पडते तर वाचले असते का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. बाईंनी त्यांना ते दोनदा विचारलं.

बाईंची सुई कमी केली, मग बंदच केली. आकडे अजून खाली आहेत. कधी किंचित हलतात, तेव्हा घरात कुणी जेवत नाही. चाचणीचा निकाल यायला वेळ आहे म्हणतात. बोटांची जाण थोडी परतली, पुरती नाही. शेवटचा टाका आता यंत्रच घालतं. मी बाईंच्या पर्समध्ये असतो, किल्ल्यांच्या सोबतीला. बोट बारीक झालंय, मला चढवलं तरी मी राहत नाही.

परवा भाऊंच्या खुर्चीवर एक नवीन बाई आल्या. सिस्टरनं विचारलं, त्या म्हणाल्या, "काही नाही, सगळं छान." आमच्या बाई सलाईनसकट उठल्या, स्टँड ओढत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खोटं बोलू नका हो. इथं काढत नाहीत. माझं ऐकून एक माणूस गप्प बसला होता."

मग त्या नव्या बाईंनी चपलेतून पाय काढला आणि सिस्टरसमोर धरला.

वाचकहो, मी पत्र्याचा. मला हजारदा टोचलं, पण मला कधीच काही कळलं नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. तुम्हाला कळतं. तुम्हाला कुणी विचारतं. तेव्हा 'काही नाही' म्हणू नका.