अकरा पायांचा फ्लेमिंगो

मित्रांनो, मी सीवूड्समधल्या एका सोसायटीच्या बागेत बारा वर्षे उभे असलेले लोखंडी शिल्प आहे. मी ऑक्टोपस नाही, मोडक्या झोपाळ्याचा सांगाडा नाही आणि फ्लेमिंगो तर मुळीच नाही. हे एकदा सांगून भागले असते, तर आत्मवृत्त सांगण्याची वेळ आली नसती.

मला प्रियदर्शिनी नावाच्या शिल्पकार बाईंनी घडवले. त्याआधी अख्खा हिवाळा त्या सारसोळ्याच्या खाडीकाठी, ओहोटीच्या चिखलात उभ्या राहून चित्रे काढत होत्या. चित्रे कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या मुळांची होती. कांदळ खाऱ्या चिखलात वाढतो. खाली घट्ट जमीन नाही, म्हणून तो खोडातून कमानीसारखी मुळे चहूकडे सोडतो. एकाचा भार दुसरे घेते आणि मधल्या फटींतून भरतीचे पाणी निघून जाते. बाईंनी चित्रातून आधी पाने पुसली, मग फांद्या, मग खोडही. उरला तो नुसता तोल. जासई गावातल्या एका शेडमध्ये लोखंडी नळ्या वाकवून त्यांनी तो तोल अकरा पायांवर उभा केला. तेच मी.

उद्घाटनाला टाळ्या भरपूर पडल्या. मग सोसायटीचे सेक्रेटरी सुधीरराव पुढे आले.

"मॅडम, छान आहे. पण हे नक्की काय आहे?"

"कांदळ कसा उभा राहतो, ते आहे."

"हां, ते झालं. पण म्हणजे काय आहे?"

बारा वर्षे हाच प्रश्न ऐकते आहे. मुले माझ्यात लपाछपी खेळली. त्यांनी कधीच विचारले नाही. मोठ्यांनी मात्र, उत्तर पटेना म्हणून, माझ्यावर पायपुसणी वाळत घातली.

यंदा रंगकाम निघाले आणि सुधीररावांनी प्रश्न कायमचा निकालात काढायचे ठरवले. खाडीत फ्लेमिंगो येतात, लोकांना आवडतात. मग हाही फ्लेमिंगो! मला गुलाबी रंग फासला. वर पत्र्याची चोच बसवली. मग लांबून पाहिले, तर त्यांच्या कपाळाला आठी.

"फ्लेमिंगोला अकरा पाय कुठे असतात? दोन ठेव, बाकीचे उडव," त्यांनी वेल्डर मिथुनला सांगितले.

बारा वर्षांत माझे पाय कोणी मोजले नव्हते. मोजले, तेही कापण्यासाठी!

मिथुनने दोन पाय कापले. तिसऱ्याला ग्राइंडर लावला, तेव्हा फाटकापाशी कोळंबी विकणारी करावे गावची चांगुणाबाई पाटी सोडून धावत आली.

"आरं थांब रं! यो कांदलाचा झार हाय. याचा पाय नको तोरू!"

"मावशी, तुम्ही तुमची कोळंबी बघा. हा फ्लेमिंगो आहे," सुधीरराव म्हणाले.

"काय बी असू दे. पोरांना पयला बाजूला घ्या!"

कोणी हलेना, तेव्हा बघायला जमलेल्या मुलांना तिनेच दंडाला धरून मागे ओढले. तेवढ्यात तिसरा पाय सुटला. मी हातभर कलले आणि चोच निखळून, मुले उभी होती नेमकी त्याच जागी पडली.

मिथुनने ग्राइंडर बंद केला. "साहेब, आता आपण एक पण कापणार नाय. हे सगळे एकमेकाला पकडून उभे आहेत."

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनीबाई आल्या. खाली वाकून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"पाय जोडता येतील," त्या म्हणाल्या. "तोल येईल की नाही, ते जोडल्यावरच कळेल."

सुधीररावांनी मान डोलावली. मग हळूच विचारले, "जोडताना पक्षी नाही, तर निदान झाडासारखं काही करता येईल का?"

सध्या मी बांबूंच्या टेकूवर आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला काहीच आठवले नाही तरी चालेल. नावही देऊ नका. पण जे तुम्हाला कळत नाही, त्याला हत्यार लावण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, कोण कोणाचा भार घेऊन उभे आहे. वाकायला मिनिटही लागत नाही. माझे आठ पाय अजून शाबूत आहेत.