भूपेशची मुलाखत

भिवंडीतल्या लूम कामगारांवर रुचिरा माहितीपट करत होती. शूटिंग संपलं होतं. आता भिवंडीतल्याच टेमघर भागातल्या घरी बसून ती एकेक क्लिप बघायची, तिला नाव द्यायची आणि त्यात कोण काय बोलतं ते लिहून ठेवायची. त्यांच्यातल्या भूपेशची क्लिप मात्र तिने मागे ठेवली होती. मुलाखत दिल्यावर आठवड्याभरातच, ड्युटीवरून घरी जाताना, कोन गावाजवळ ट्रकने उडवल्याने तो गेला होता.

एका दुपारी त्याची आई ठकुबाई दारात आली.

"फोटो हायत घरी," ती म्हणाली, "पन आवाज न्हाय कुठं. तुझ्याकडं हाय ना? मला आयकव."

रुचिराने तिला शेजारी बसवून क्लिप लावली. लूमजवळ उभा राहून भूपेश हसत हसत बराच वेळ बोलत होता, पण ऐकू येत होता कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेला नुसता लूमचा खडखडाट. त्याच्या शर्टाला लावलेला माइक बंद पडला होता आणि ते तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय बोलला गं?" ठकुबाईने विचारलं. "तू तर समोरच व्हतीस."



"काकू, घरी कोण कोण असतं, असं मी विचारलं होतं. तो तुमच्याबद्दलच बोलत होता. पण काय, ते नाही आठवत. रेकॉर्ड होतंय म्हणून मी नीट ऐकलंच नाही."

ठकुबाई पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "त्यो खडखडाट बंद कर. नुसता त्याला बघू दे."

रुचिराने आवाज बंद करून क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली. दोघी त्याचं बोलणं बघत राहिल्या.