थंडीवालीचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. कल्याणच्या एका पत्रेवाल्याने मला तेलाच्या डब्यातून घडवलं. त्याने कात्रीने माझं अंग फाडलं, ठोकून ठोकून वळवलं आणि तापल्या कथलाने सांधे जोडले. मार खाऊनच मी जन्मलो. पण झाकण असं घट्ट बसलं की पाण्याचा थेंब आत जाईना. म्हणून ठाण्याच्या खाडीवरच्या भिवाजी कोळ्याने मला घेतलं. होडीत त्याची काड्यापेटी आणि विड्या मी कोरड्या ठेवायचो. चारचौघांत तो माझी तारीफ करायचा.

१९८६ च्या सुमारास माजिवड्याच्या नाक्यावर, धोंडीबाच्या टपरीत हिरव्या पाकिटातली सिगारेट आली. ओढली की घशात पुदिन्यासारखा गारवा. कोळीवाड्यात तिला थंडीवाली म्हणू लागले. विडीने भिवाजीला ठसका लागायचा, हिने लागेना. हिच्यात औषध आहे, असं त्याने ठरवूनच टाकलं. कोणी शंका काढली की तो हसून विचारायचा, "बर्फान म्हावरं सडतं का रं? मंग थंडीन छाती कशी सडंल?" जन्मभर मासळी बर्फात राखणाऱ्या माणसांना ते पटायचं.

त्याचा धाकटा भाऊ नाथा सारखा खोकायचा. डॉक्टरांनी त्याला धूर बंद करायला सांगितलं. भिवाजी म्हणाला, डॉक्टर विडीबद्दल बोलला, हिच्याबद्दल नाही. तेव्हापासून गोळी द्यावी तशी तो सकाळ, दुपार, संध्याकाळ माझं झाकण उघडून नाथाला एकेक थंडीवाली द्यायचा. घसा गार पडायचा आणि दोघा भावांना वाटायचं, उतार पडतोय.

एका सकाळी जाळं उतरवताना नाथाने रक्त थुंकलं. त्याची बायको मनुबाई मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावर उभी होती. तिने पाटी टाकली, होडीतून मला उचललं आणि खाडीत भिरकावायला हात उगारला. भिवाजीने तिचा हात पिरगाळून मला हिसकावलं आणि तिला ढकललं. होडीच्या काठावर आपटून तिचं कपाळ फुटलं.

नाथाने वल्हं उचललं. "माझ्या बायकोवर हात टाकतंस, दादूस?"

भिवाजीने मला ढालीसारखं पुढे धरलं. वल्हं बसलं. माझी कूस आत गेली, झाकण उडालं आणि मला धरणारी भिवाजीची दोन बोटं काटकीसारखी मोडली. दुसरा घाव घालायला नाथाने वल्हं उचललं खरं, पण श्वास अडला. तो गुडघ्यांवर आला आणि ओकारी यावी तसं रक्त चिखलात सांडलेल्या सिगारेटींवर पडलं.

मनुबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या कपाळातून धार लागली होती, पण आवाज चढला नाही. "दादूस, म्हावरं बर्फान ठेवतान, पन कवा? मेल्यावर. जित्या म्हावऱ्याला कोन बर्फान घालतं?"

आठ दिवसांनी नाथा गेला. तेरावं उरकलं आणि भिवाजीने तेच वल्हं घेऊन धोंडीबाची टपरी फोडली. बरण्या फुटल्या. आडव्या आलेल्या धोंडीबाचा ओठ फाटला. रक्त पुसत तो एवढंच म्हणाला, "भिवाजी, मीपण तीच ओढतो रे. मलापण वाटलेलं, चांगली आहे." भिवाजीच्या हातातून वल्हं गळून पडलं.

मग गावकी बसली. थंडीवाली कोळीवाड्यात आणायची नाही, असा ठराव मनुबाईने मांडला. ओढणारे कुरकुरले. त्यांच्यातला परशुराम म्हणाला, ही बंद केली तर आम्ही साधी ओढू, मग फरक काय? भिवाजी उठला. "साधी घशाला चावतं, मानूस थांबतं. ही चावतच नाय." त्याने सर्वांत आधी हात वर केला. दोन बोटं वाकडीच राहिली, ती सरळ होईनात. त्या बोटांकडे बघत ओढणाऱ्यांचेच हात एकेक करून वर आले. परशुरामाचा शेवटी आला.

आज मी मनुबाईच्या ओट्यावर जाळं सांधायच्या सुया सांभाळतो. मला कोणी घासत नाही, गंज चढलाय. ऊन तापलं की माझ्या पोटातून अजून पुदिन्याचा वास येतो. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी खोकत असेल आणि गार वाटतं म्हणून धूर ओढत असेल, तर त्याचा हात धरा. वल्हं उचलायची वेळ येण्याआधी धरा.

माझं झाकण आता नीट बसत नाही. कोणी ते ठोकून सरळ करू नका. माझ्यात पुन्हा ओढायचं काही कोरडं राहायला नको.