सासऱ्यांचा पिवळा दिवा

जावई ट्रेलर चालवायचा आणि वर्षभरात दोनदा नियम मोडून बसला होता. तिसऱ्यांदा सापडला की जड वाहनाचं लायसन्स वर्षभरासाठी गेलं, आणि घर चालायचं ते त्याच लायसन्सवर. म्हणून हल्ली तो इतका जपून चालवी, की सायकलवालेसुद्धा मागून घंटी वाजवत. तरी नोटीस आलीच. लाल दिवा तोडल्याची, आणि तीही त्याच्या नावावरच्या घरच्या छोट्या गाडीची. गाडी कुठलीही असो, चूक लायसन्सवरच चढते.

त्या दिवशी ती गाडी नेली होती सासऱ्यांनी. कॅमेऱ्याने मागून टिपलेल्या फोटोत टक्कल लख्ख दिसत होतं आणि जावयाच्या डोक्यावर तर केसांचं रान. पण सासरे पडले निवृत्त बसचालक. उभ्या जन्मात एक दंड नाही, हे त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलेलं. त्यांना सांगणार कोण? जो तो फोटो निरखून म्हणे, "नीट कळत नाही बाई."

"मीच होतो म्हणून सांगतो," जावई बायकोला म्हणाला. "या वयात त्यांची शोभा कशाला?"

"आणि वर्षभर खायचं काय? त्यांचा रुबाब?" ती म्हणाली आणि फोटो वडिलांच्या पुढ्यात ठेवून आली.

सुनावणीला सासरे कडक इस्त्रीत हजर. "दिवा पिवळा होता," असं म्हणून त्यांनी पिवळ्या दिव्यावर जे भाषण ठोकलं, त्याने अधिकाऱ्याचा चहा निवला.

"ते असू दे. गाडी चालवत कोण होतं?"

सासरे शर्टाची इस्त्री चाचपू लागले. अधिकाऱ्याने फोटो पुढे सरकवला. "बरं, यातला दिवा कुठल्या रंगाचा?"

सासऱ्यांनी फोटो लांब धरला, मग नाकाला लावला. "पिवळा."

जावयाला ते बघवेना. "साहेब, मीच—"

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू. मी होतो." सासरे खाली बघत म्हणाले, "लाल असेल. मला दिसला नाही."

दंड सासऱ्यांना झाला. शिवाय डोळे तपासून येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. जावयाला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

परतताना सासरे मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले. चौक आला.

"थांबा. लाल आहे."

दिवा हिरवागार होता. जावयाने ब्रेक दाबला. मागे हॉर्नचा गोंगाट उसळला.

"लोकांना दिसत नाही का," सासरे वैतागले. थोड्या वेळाने म्हणाले, "हं, झाला हिरवा. काढा गाडी."

आता मात्र लाल लागला होता.

"थांबू या जरा, बाबा," जावई म्हणाला. "घाई काय आहे?"