किनूच्या नदीचं पाणी

दोंडाईच्यात मला सगळे वचकून असतात. नात्यागोत्यात सोयरीक जुळवायची असो की मोडायची, आधी मला विचारतात. शाळा दुसरीतच सुटली, पण शिकलेल्या सुना माझ्यापुढे ततपप करतात. अशी मी. आणि मला एक चोरटं वेड होतं, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी जपानची कार्टुनं पाहते.

पाय मोडून पडले होते तेव्हा नातीनं, धनश्रीनं, तिचा जुना मोबाइल दिला. "आजी, पडल्या पडल्या हरिपाठ ऐक." ऐकता ऐकता बोट कुठेतरी लागलं आणि किनू आली. किनू म्हणजे नावाड्याची पोर. तिच्या नावेत रोज एक भूत येऊन बसतं, आणि पलीकडे सोडण्याआधी ती त्याचं जगातलं राहिलेलं काम करून देते. हिंदीत बोलतात सगळे, म्हणून कळतं. पाय बरा झाला, पण किनू सुटली नाही. कानात वायर घालून, वरून पदर ओढून मी ओट्यावर बसायची. जाणारी-येणारी म्हणायची, म्हातारी देवधर्माला लागली. त्याच ओट्यावर बसून मी सुनांना मोबाइल बघण्यावरून काय काय बोलले आहे, ते इथे लिहिता येत नाही.

भाचा भाईदासनं सुरतेत, गोडादऱ्यात घर घेतलं. त्याच्या वास्तुशांतीला मी आले. आदल्या दिवशी सकाळी भाचेसून सरला आणि मी गहू निवडत होतो.

"आत्या," सरला म्हणाली, "तुम्ही इतक्यांची लग्नं जमवली, आमच्या गल्लीतल्या काशीबाईंच्या योगेंद्रचं बघा की. आपल्यातलाच आहे. सुपारीचं खांड खात नाही. पण पोरीवाले येतात आणि 'कळवतो' म्हणून जातात."

"का? लंगडा आहे?"

"लंगडा असता तर जमलं असतं. कार्टून रंगवतो इथेच, उधन्यात. जपानचं काम येतं म्हणे तिथे. ती नाव चालवणारी पोरगी नाही का, किनू का फिनू..."

माझ्या हातातलं सूप कलंडलं.

"मग बघू की," मी म्हणाले. "आमची धनश्री आहे."

गेलं ते तोंडातून गेलं. धनश्रीचं अमळनेरला ठरलेलं होतं, दिवाळीनंतर साखरपुडा. सरलाला ते माहीत नव्हतं, आणि मला उलट विचारणार कोण? "मला किनू जिथे करतात ते पाहायचंय, चल," एवढं बोलायला माझी जीभ वळली नाही. स्थळ पाहायला आलेल्या बाईला मात्र कुठलंही दार उघडतं. सरलानं आनंदानं काशीबाईला फोन लावला.

उधन्यात रिक्षा थांबली तिथे साड्यांचे गठ्ठे टेम्पोत चढत होते. खालच्या मजल्यांवर भरतकामाची मशिनं खडखडत होती, जिना थरथरत होता. वरच्या दारात चपला काढल्या. आत थंडगार, पडदे ओढलेले, आणि ओळीनं बसलेली पोरं कॉम्प्युटरच्या काचेवर पेन फिरवत होती.

"मासी, बेसो ने," एका गुजराती पोरानं खुर्ची दिली.

आणि समोरच्या काचेवर किनू होती. रंगाशिवाय, नुसत्या रेघांची. आंघोळ करताना कोणाला चुकून पाहावं तसं मला झालं. बघवेना, आणि नजर काढवेना.

योगेंद्र आला, पाया पडला. अंगातला शर्ट पाकिटातून नुकताच काढलेला, घड्या जशाच्या तशा. माझ्यासाठी काढलेला. 

"बोल," मी म्हणाले. "काय काम करतोस?"

"मी फक्त पाणी करतो, आजी. पोरगी, भुतं, ते दुसरे करतात. नावेखालची नदी माझी. तिच्याकडे कोणी बघत नाही, पण ती चुकली तर नाव तरंगतेय असं वाटत नाही." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही पाहता का कधी?"

आजूबाजूच्या पोरांनी माना वळवल्या.

"मी?" मी पदर सारखा केला. "हे पोरासोरांचे चाळे. मला देवाधर्मातून वेळ कुठे?"

"हो, तेही खरं," तो म्हणाला. आणि पाहुणे आले की दोरीवरचे कपडे ओढून घ्यावेत, तसं त्यानं समोरचं चित्र झटकन बंद केलं.

तेवढ्यात काशीबाई आली. सगळे मजले चढून धापा टाकत, हातात पोह्यांचा डबा. आधी मला कुंकू लावलं. मी कपाळ पुढे केलं. दुसरं काय करणार?

"गरम शे तवर खाई ल्या माय," ती म्हणाली. "पोऱ्या काय काम करस ते माले नही समजत. पण एक डाव दोन दिन धड जेवना नही. मी इचारं, काय व्हयनं रे? तर म्हणे, माय, पाणी थांबाडी ऱ्हायनू."

मी खाली मान घालून पोहे खात राहिले. किनूची मेलेली आई एका भागात नावेत येऊन बसते. ती बसते आणि नदी थांबते. लाट नाही, वलय नाही, थिजल्या तुपासारखी. माझी माय मेली तेव्हा मी भाकरी थापत होते, रडायचं राहून गेलं होतं. ते त्या पाण्याकडे पाहून रडले. तो भाग मागे नेऊन नेऊन पाहिला. आणि ते पाणी थांबवणारा समोर नव्या शर्टात उभा होता.

"मंग माय?" काशीबाईनं विचारलं. "कसा वाटना पोऱ्या?"

मी उठले. "कळवतो," म्हणाले.

आपल्यात कळवतोचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सरला माझ्याकडे पाहतच राहिली. जिन्यात दोन वळणं उतरले, तर वरून काशीबाई ऐकू आली. "कार्टूनमुळेच."

"जाऊ दे माय," योगेंद्र म्हणाला. "डब्याला झाकण लाव."

माझं नाक असं की चार गावांतून दिसावं. ते वर धरून खाली उतरले असते तर रिक्षा उभीच होती. पण मग त्या पोराच्या कपाळी आणखी एक नकार बसला असता, आणि तो माझा. मी परत वर चढले.

"माझी नात आधीच ठरलेली आहे," मी दारातूनच म्हणाले. "तुझ्यात काही खोट नाही."

"मंग उन्यात कसाले?" काशीबाई कडाडली.

"किनूला पाहायला."

क्षणभर कोणाला कळेना. मग खुर्ची देणारा पोरगा ओरडला, "अरे, मासी तो फॅन छे!" आणि सगळी खोली हसली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. या वयात, नऊवारीत, पोरांच्या खोलीत उभी राहून मी हसवत होते.

योगेंद्र हसला नाही. "मग मघाशी मी विचारलं तेव्हा?"



"तिची आई बसते तेव्हाचं पाणी," मी म्हणाले. "ते मी पाहिलंय. ते तुझं आहे हे कळलं, तरी मी पोहे खात बसले."

तो शर्टाची घडी हातानं दाबत राहिला. घडी काही मोडली नाही. "ते पाणी कोणाच्या लक्षात येत नाही," एवढंच म्हणाला. खूश झाला की दुखावला, मला कळलं नाही. माणसं ओळखणारी ना मी?

काशीबाईनं डबा पिशवीत टाकला. "अठे गोड बोलीसन काय फायदा, बाई? जठे सोयरीक जुळस तठे बोला. मना पोऱ्या काय करस, ते चार बायासमा सांगा."

 गोडादऱ्यात रिक्षातून उतरताना सरला म्हणाली, "आत्या, मला तरी सांगायचं. उद्या त्यांच्याच गल्लीत राहायचंय मला."

घरी नंदुरबार-शिरपूरच्या सोयऱ्यांकडच्या बायका जमल्या होत्या. "काय आत्या, कसं होतं स्थळ?" एकीनं विचारलं. "तो कार्टूनवाला ना?" दुसरी, आणि तोंडाला पदर.

डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. मी मध्ये जाऊन बसले आणि कमरेचा मोबाइल काढला.

"गप गं, आत्या हरिपाठ लावताहेत," शिरपूरची भावजय म्हणाली. सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतले. एकीनं हातही जोडले.

मी वायर उपटली. किनूचं गाणं मोठ्यानं वाजलं.

भावजय हसून हसून भिंतीला टेकली. "अहो, नातवाचा मोबाइल आला वाटतं चुकून!"

"माझा आहे," मी म्हणाले. "हरिपाठ नाही. मी हेच पाहते. रोज."

मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. सुना ज्या नजरेनं माझ्यासमोर उभ्या राहायच्या, ती नजर आता माझी होती, खाली, सतरंजीवर.

"हसून घ्या," मी म्हणाले. "आणि मग इकडे पाहा. पोरीकडे नाही, नावेखाली. ते पाणी ज्यानं केलंय, त्याच्यासाठी मुलगी पाहायची आहे."

हसणं थांबलं नाही. मी भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.